घरी ऑइल बदललं आणि पार्किंगमध्ये डबकं: या एका फोनवर धंदा कसा उभा राहतो



"गाडी दुरुस्तीच्या धंद्यात आता काय राहिलंय सर, सगळं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गेलं," असं म्हणणाऱ्यांसाठी आजचा लेख आहे. व्हिडिओत आपण धंद्याचा हिशोब पाहिला. पण हिशोब मांडण्याआधी काम नीट कळायला हवं, आणि कामाचा तपशील व्हिडिओत घाईत सांगून चालत नाही. म्हणून इथे सविस्तर.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या गाड्यांची एक गंमत आहे. मालक सोमवार ते शुक्रवार लोकलने कामाला जातो आणि गाडी पाच दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाच जागी उभी असते. म्हणजे थेंब थेंब गळत असेल, तर खाली काळा डाग दिसणारच. त्यात आता इंटरनेटवर बघून घरीच ऑइल बदलणारे वाढलेत. फिल्टर ऑनलाइन मागवायचा, ऑइलचा कॅन आणायचा, रविवारी सकाळी गाडीखाली शिरायचं. यात वाईट काहीच नाही. शिकण्याची हौस चांगलीच आहे. पण शंभरातल्या काही जणांचं काहीतरी चुकतं आणि सोमवारी सकाळी वॉचमन बेल वाजवतो, "साहेब, तुमच्या गाडीखाली तेल सांडलंय."

आता हा माणूस फोन कुणाला करणार? सर्व्हिस सेंटरला गाडी न्यायची तर ती चालवत न्यावी लागते, आणि चालवू की नको हेच त्याला कळत नाहीये. शिवाय तो थोडा ओशाळलेला असतो. घरातल्यांनी आधीच ऐकवलेलं असतं. त्याला असा कुणीतरी हवाय जो पार्किंगमध्ये येईल, न हसता बघेल आणि नीट करून जाईल. ही आहे तुमची जागा.

फोनवरचं पहिलं वाक्य

फोन आला की पत्ता विचारायच्या आधी एक गोष्ट सांगायची: "गाडी चालू करू नका." हा सल्ला फुकट द्या. समोरच्याने तुम्हाला बोलावलं नाही तरी द्या.

कारण समजून घ्या. इंजिनाच्या तळाला जी परात असते, जिला आपले मेकॅनिक चेंबर म्हणतात, त्यात ऑइल साठतं. पंप ते वर खेचतो, फिल्टरमधून ढकलतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा एक बारीक पापुद्रा असतो, त्यावर क्रँक अक्षरशः तरंगत फिरतो. पापुद्रा गेला की धातूवर धातू घासतो, आणि मग काही मिनिटांत इंजिन जाम. एक छोटंसं वायसर चुकलं म्हणून अख्खं इंजिन उघडायची वेळ येते ती इथे.

आणि डॅशबोर्डवरचा तो लाल किटलीसारखा दिवा? बहुतेक लोकांना वाटतं तो "ऑइल कमी झालंय, भरा" असं सांगतो. नाही. तो ऑइलचं प्रेशर गेलं म्हणून लागतो. म्हणजे तो लागला तेव्हा इंजिन आधीच उपाशी आहे. "जरा नाक्यापर्यंत नेतो, मग बघतो" हा हिशोब तिथे चालत नाही. ग्राहकाला हे दोन वाक्यांत सांगता आलं, की त्याचा तुमच्यावर निम्मा विश्वास तिथेच बसतो.

कुठे चुकतं

घरगुती ऑइल बदलामध्ये चुका ठरावीक असतात. नवीन माणूस अख्ख्या इंजिनात गळती शोधत बसतो. तुम्ही आधी "काल काय काय उघडलं होतं?" हे विचारा. जिथे हात लागलाय तिथेच बघायचं, बाकीचं नंतर.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे फिल्टरचं दुहेरी पॅकिंग. जुना फिल्टर काढताना त्याचं रबरी रिंगण इंजिनाला चिकटून राहतं. मालकाच्या लक्षात येत नाही, तो नवा फिल्टर त्याच्यावरच आवळतो. आता दोन रबर एकावर एक. गाडी उभ्या उभ्या चालू केली तर एक थेंब गळत नाही, म्हणून तो खूश. मग कल्याण-शीळ रस्त्यावर गाडी जरा पळवली, इंजिन फिरलं, प्रेशर वाढलं, की वरचं रबर बाहेर सरकतं आणि तेल पिचकारीसारखं उडतं. फिल्टरच्या जागी तेल दाबाखाली असतं, वेग धरल्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन-चार किलोचा दाब. चेंबर रिकामं व्हायला फार वेळ लागत नाही. म्हणून फिल्टरपाशी ओलं दिसलं, तर "थोडंच आहे, घट्ट करून बघू" असं करू नका. फिल्टर काढा, इंजिनाची बाजू बोटाने चाचपा, फडक्याने पुसा, जुनं रबर निघालंय याची डोळ्यांनी खात्री करा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा. मग हाताने आवळा. रबर टेकल्यावर पुढे किती फिरवायचं हे बऱ्याच फिल्टरवर छापलेलं असतं, साधारण पाऊण फेरा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढणाऱ्याच्या शिव्या खातो.

दुसरी जागा म्हणजे चेंबरचा ड्रेन नट. इथे दोन टोकांची माणसं भेटतात. एक जुनंच चपटं झालेलं वायसर परत लावणारे किंवा लावायलाच विसरणारे. दुसरे, "गळायला नको" म्हणून पान्याला पाइप लावून जोर काढणारे. पहिल्याचं काम सोपं आहे, नवं वायसर, योग्य ताकद, झालं. दुसऱ्याने मात्र आटे खाल्लेले असतात. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आटे जायला फार वेळ लागत नाही. नट फिरत राहतो, घट्ट होतच नाही.

आटे गेले असतील तर तीन वाटा. थोड्या मोठ्या मापाचा, स्वतःचे आटे कापत जाणारा नट मिळतो. स्वस्त पडतो, पण तो तात्पुरताच समजा आणि ग्राहकालाही तसं सांगा. दुसरी वाट हेलिकॉइलची: भोक मोठं करून, टॅप मारून आत तारेचे नवे आटे बसवायचे. नीट केलं तर मूळ आट्यांपेक्षा पक्कं होतं. फक्त टॅपला भरपूर ग्रीस लावायचं, म्हणजे धातूचा चुरा त्याला चिकटून बाहेर येतो, आणि शेवटी थोडं ऑइल वरून ओतून चेंबर धुऊन काढायचं. तिसरी वाट नवं चेंबर. त्यात लावलेलं सीलंट वाळायला काही तास द्यावे लागतात आणि ग्राहक मात्र अर्ध्या तासात चावी मागत असतो. सीलंटच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ त्याला वाचायला द्या. वाद संपतो.

इथेच सांगतो, टॉर्क रेंच ही तुमची पहिली खरेदी. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांचा ड्रेन नट ३० ते ४० न्यूटन-मीटरमध्ये बसतो, पण त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. "हाताला अंदाज आहे" हे वीस वर्षं काम केलेल्या उस्तादाने म्हणावं, आपण नाही. आणि ग्राहकासमोर रेंचचा "टक्" आवाज येतो ना, तो त्याला फार आवडतो!

तिसरी चूक गळतीसारखी दिसते, पण मूळ वेगळंच असतं. कॅन आणला म्हणून अख्खा ओतला. छोट्या गाड्यांत तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं आणि कॅन मिळतो साडेतीन किंवा चारचा. "उरवून काय करायचं?" आपला मध्यमवर्गीय स्वभाव. पण ऑइल जास्त झालं की फिरणारा क्रँक त्यात बुडतो, त्याचा फेस होतो, फेसाला प्रेशर धरत नाही. वर आतला दाब वाढून जुन्या सीलमधून आणि ब्रीदरच्या नळीतून तेल बाहेर यायला लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. उपाय साधा: सपाट जागेवर डिपस्टिक बघून जादा ऑइल काढणं. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो, त्यावरून अंदाज येतो.

आणि आता खरा नमुना. मालक गाडीखाली शिरतो, दिसेल तो नट उघडतो, आणि तो असतो गिअर बॉक्सचा! इंजिनातलं जुनं ऑइल तसंच, वरून नवं तीन लिटर, आणि गिअर बॉक्स कोरडा. त्यामुळे "ऑइल जरा जास्तच वाटतंय" असं ग्राहक म्हणाला आणि डिपस्टिक खुणेच्या खूप वरपर्यंत भिजलेली निघाली, तर लगेच विचारा, "काढलेलं ऑइल दाखवा." इंजिनातलं वापरलेलं ऑइल काळं आणि पातळ असतं. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो. त्या गाडीला सेल्फ मारायचाच नाही. इंजिनातलं सगळं काढून मापाने भरायचं आणि गिअर बॉक्समध्ये कंपनीने सांगितलेलं ऑइल भरायचं. हे फोनवर ओळखता आलं तर तुम्ही त्या माणसाचे काही हजार रुपये वाचवलेत.

ऑइल भरायचं झाकण नीट न बसणं, डिपस्टिक अर्धवट राहणं, या किरकोळ गोष्टी. पाच मिनिटांचं काम. एम-सील फासलेलं चेंबर दिसलं तर मात्र खोल श्वास घ्या, ते खरवडायलाच तास जातो.

आधी पुसा, मग शोधा

गळती शोधताना एकच नियम: ओल्या इंजिनात काही दिसत नाही. क्लीनरने किंवा डिग्रीझरने सगळं पुसून कोरडं करा. फिल्टर काढताना सांडलेलं तेल क्रॉस मेंबरवर साठून दोन दिवस ठिबकत राहतं. ती गळती नाहीच, नुसतं पुसायचं राहिलेलं आहे. कोरडं केल्यावर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर मारा, इंजिन चालू करून बघा. पांढऱ्यावर काळी रेघ लगेच उठते. गाडीखाली मोठा पुठ्ठा टाकून त्यावर चाकांच्या खुणा करून ठेवा, म्हणजे थेंब नेमका कुठे पडला ते सकाळी कळतं. तेल खाली येतं आणि वाऱ्याने मागे जातं, म्हणून ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा धरायची. ती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगपाशी निघाली, तर बिचाऱ्या मालकाची चूकच नाही, ते पॅकिंग वयाने कडक झालंय.

काम झालं की इंजिन दोन-अडीच हजार आरपीएमवर काही मिनिटं ठेवून खाली बॅटरी मारा. मग पाच-सात किलोमीटर फिरवून आणा, परत बघा. नुसतं उभ्या उभ्या चालू करून "झालं साहेब" म्हणणं किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण विमानातलं आहे.

५ मे १९८३. अमेरिकेतल्या ईस्टर्न एअर लाइन्सचं ८५५ क्रमांकाचं विमान मायामीहून बहामातल्या नासाऊला निघालं, आत १७२ माणसं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांच्या ऑइलमधले चिप डिटेक्टर, म्हणजे धातूचा चुरा पकडणारे छोटे चुंबकी भाग, बदलले होते. त्या भागांवर ओ-रिंग लागते. मेकॅनिकना ते नेहमी ओ-रिंग बसवूनच मिळायचे. त्या रात्री स्टोअरमधून आले ते ओ-रिंगशिवायचे, आणि कुणी बघितलं नाही. गळती तपासायला इंजिन फक्त काही सेकंद फिरवलं, तेवढ्यात काही दिसलं नाही. हवेत गेल्यावर आधी एका इंजिनाचं ऑइल प्रेशर पडलं, वैमानिकांनी ते बंद करून विमान मागे वळवलं. मग उरलेली दोन्ही इंजिनं बंद पडली. आधी बंद केलेलं इंजिन परत चालू झालं म्हणून विमान मायामीला उतरलं, सगळे वाचले. एकच सवय तिन्ही इंजिनांत गेली होती. कंपनी मोठी, मेकॅनिक शिकलेले, तरी एक रबराचं कडं राहिलं. तुमच्या जॉब कार्डवर "जुनं पॅकिंग काढलं / नवं वायसर लावलं / टॉर्क दिला / चालवून बघितलं" अशा चार चौकटी छापून घ्या आणि ग्राहकासमोर टिक करा.

आता पैशाचं बोलू

हा धंदा टू-व्हीलरवर सुरू होतो. व्हॅनचा मोह टाळा. डोंबिवलीत पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर कोपर नाहीतर ठाकुर्लीचा पूल, संध्याकाळी तिथे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून हद्द ठरवा. माजिवाड्याला बसून डोंबिवलीचे फोन घेऊ नका, शीळफाट्याला अडकाल आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं जातील.

हत्यारांत जॅकबरोबर जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, चाकाला लाकडी ठोकळा लावल्याशिवाय तर नाहीच. इथे मी कुणाची सवलत ऐकून घेत नाही. गळणाऱ्या गाडीपेक्षा पडणारी गाडी भयंकर.

दर ठरवताना व्हिजिट चार्ज आणि मजुरी वेगळी लिहा. समजा व्हिजिटचे ३००, मजुरी ६००, वायसर-फिल्टर बिलाप्रमाणे. ग्राहक म्हणतो, "अहो, नुसता नट तर आवळलात, नऊशे कसले?" तेव्हा चिडू नका. पुसण्यापासून चालवून बघण्यापर्यंतचा तास त्याने पाहिलेला असतो, जॉब कार्ड त्याच्या हातात असतं. दिवसाला असे दोन फोन आणि पेट्रोल वजा, हा आकडा तुमच्या वहीत स्वतः मांडून बघा. रोज दोन फोन येणार नाहीतच, म्हणून बॅटरी, वायपर, नेहमीचा ऑइल बदल ही कामं जोडीला ठेवा.

गाडीला हात लावायच्या आधी फोटो काढा: डाग, डिपस्टिक, नटाची अवस्था, किलोमीटरचा आकडा. लगेच ग्राहकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. आधीचे आटे कुणी खाल्ले यावर नंतर वाद नको. आणि इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, लाल दिवा लागून गाडी चालवलेली असेल, तर ते काम घेऊ नका. टो करून गॅरेजला पाठवा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचायला सांगा, मग हात लावा.

स्वतः मेकॅनिक नसाल तर आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला मुलगा भागीदार म्हणून शोधा. अंबरनाथचं आयटीआय तुमच्या जवळच आहे. पगारी ठेवण्यापेक्षा भागीदारी बरी, असं माझं मत. हा पूर्ण हातगुणाचा धंदा आहे, आणि हातगुण असलेला मुलगा सहा महिन्यांत स्वतःचं सुरू करतो. कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची असते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि या कामाला सुरुवातीला तेवढं पुरतं.

जुन्या ऑइलचं मात्र नीट बघा. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तर ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करून पुनर्वापरात आणायची जबाबदारी आली आहे. सोसायटीच्या गटारात ओतलेलं ऑइल नाल्यातून उल्हास नदीत नाहीतर ठाण्याच्या खाडीत जातं, जी २०२२ पासून रामसर यादीत आहे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि नोंदणीकृत रिसायकलरला द्या, पावती ठेवा. फरशीवरचा डाग पाण्याने धुऊ नका, लाकडाचा भुसा टाका, तासाभराने झाडून घ्या. घोडबंदर रोडवर एखाद्या टेम्पोचं तेल सांडलं की दुचाकीवाले कसे घसरतात आणि अग्निशमनवाले माती टाकत बसतात, हे पाहिलं असेल तर पार्किंगच्या उतारावर तेच होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको. कमिटीच्या सेक्रेटरीने तुमचा नंबर बोर्डावर लावायचा असेल, तर तुम्ही गेल्यावर फरशी कशी दिसते यावर ते ठरतं.

शेवटी पावसाळ्यातले फोन. जून लागला की "गाडीखाली गळतंय" असे फोन वाढतात आणि त्यातले बरेच एसीच्या पाण्याचे असतात. फोनवरच सांगा: गळतंय तिथे पांढरा टिश्यू पेपर टेकवा आणि फोटो पाठवा. पाण्याचा डाग रंगहीन, कूलंट हिरवा किंवा गुलाबी, गिअर-स्टिअरिंगचं तेल लालसर, इंजिन ऑइल तपकिरी-काळं. पाणी निघालं तर जाऊ नका आणि पैसेही मागू नका. ग्राहकाने तरीही "एकदा येऊन बघाच" असा आग्रह धरला, तर व्हिजिट चार्ज पूर्ण घ्यायचा आणि तिथे गेलोच आहोत तर डिपस्टिक काढून दाखवायची.